माळरानावरील चर्चा आणि सुंदरबाईंचा काळा मेंढा

सुंदरबाई या धारूरच्या किल्ल्याखालच्या उतारावर राहतात. आधार कार्डावर त्यांचे वय एकसष्ट आहे, परंतु ते शिबिरातल्या माणसाने आपल्या तोंडाकडे पाहून लिहिले, असे त्या सांगतात. त्यांच्याजवळ साठ-बासष्ट मेंढ्या, एक कुत्रा आणि एक मोबाइल आहे. मोबाइल त्या मेंढ्यांच्या औषधाच्या पिशवीत ठेवतात, त्यामुळे त्याला करंजाच्या तेलाचा वास येतो.

त्या आणि मी एकाच वर्गात लिहायला शिकलो. हा मोठ्या माणसांचा वर्ग सत्यशीलाबाई दुपारी शाळेच्या ओसरीवर घेतात. मी शेतकऱ्याच्या घरची असल्यामुळे मला रोज येता आले. सुंदरबाई वर्षातले काही महिने कळप घेऊन बाहेर असतात, म्हणून त्यांची जोडाक्षरे राहून गेली. त्या बोट ठेवून वाचतात. लिहायचे असेल तेव्हा मोबाइलला तोंडाने सांगतात आणि मोबाइल लिहितो. त्याने बरोबर लिहिले आहे की नाही, हे पाहण्याचे काम त्यांनी माझ्यावर सोपवले आहे. त्यामुळे पुढे जे घडले त्यात माझाही हात आहे, हे मी आधीच सांगून ठेवते. त्यातले बरेचसे मला अजून समजलेले नाही. क्रमाने लिहिले तर समजेल, असे सत्यशीलाबाईंचे म्हणणे पडले, म्हणून मी क्रमाने लिहीत आहे.

सुंदरबाईंच्या लग्नात त्यांच्या वडिलांनी पाच काळ्या मेंढ्या दिल्या होत्या. अंगावर एकही पांढरा केस नसलेली अशी ती जात होती. त्या पाचांची पोरे, नाती, पणत्या असे करत ते काळे वाण चाळीस वर्षांहून अधिक काळ त्यांच्या कळपात टिकले. परंतु दोन वर्षांपूर्वी त्यांचा काळा मेंढा मेला. शेजारच्या रामहरींचा मेंढा कळपात सोडला, तर कोकरे ठिपक्यांची झाली. आता निव्वळ काळ्या अशा चारच मेंढ्या उरल्या होत्या आणि त्याही म्हाताऱ्या. यंदा मृग लागण्यापूर्वी, म्हणजे मेंढ्या माजावर येण्याआधी, काळा मेंढा कळपात आला नाही, तर त्या वडिलांनी दिलेल्या वाणाच्या शेवटच्या ठरणार होत्या.

बाजारातून मेंढा आणावा, असे मी सुचवले होते. सुंदरबाईंच्या माहेरी मेंढा विकत घेत नाहीत, मेंढा देऊन मेंढा घेतात, आणि घेण्यापूर्वी त्याची आई पाहतात. त्या म्हणाल्या, "बाजारातल्या मेंढ्याच्या मायचं तोंड कोन बघितलं?" सोयऱ्यांच्या कळपांत विचारून झाले होते. काळा मेंढा कोणाकडेच नव्हता.

अशा वेळी वनमालाबाई आल्या. त्या पुण्याच्या एका संस्थेतर्फे लोकर पाहत फिरतात. त्यांनी सुंदरबाईंच्या मोबाइलमध्ये 'माळरान' नावाचा चर्चेचा मंच उघडून दिला. तिथे मेंढ्या-शेळ्यांविषयी कोणीही प्रश्न विचारावा, कोणीही उत्तर द्यावे, अशी रीत आहे. सुंदरबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, की याचा मालक कोण. वनमालाबाई म्हणाल्या की याला एक मालक नाही. माळरान पुण्यातल्या एका कॉम्प्युटरवर आहे आणि त्याची देखभाल चार-पाच जण बिनपगारी करतात. असे दुसरे अनेक मंच दुसऱ्या लोकांच्या कॉम्प्युटरांवर आहेत. ते सगळे एकमेकांना जोडलेले असल्यामुळे इथे बसून तिथल्या माणसाशी बोलता येते.

मी विचारले, की मग आपले बोलणे नक्की कुठे असते. त्या म्हणाल्या, इथेही असते आणि तिथेही असते. मी ते वहीत लिहून घेतले. ते वाक्य मला आजही कळत नाही.

सुंदरबाईंना मात्र काही तरी कळले असावे. त्या म्हणाल्या, "म्हंजे गावं येगळाली, अन् बाजार येक."

वनमालाबाईंनी एक सूचना फार बजावून दिली. हे सर्व उघड्यावर असते, कोणीही वाचू शकतो, म्हणून आपले खरे नाव, गाव आणि फोन नंबर तिथे लिहू नये. काहीतरी टोपणनाव घ्यावे. सुंदरबाईंनी 'काळी मेंढी' हे नाव घेतले, परंतु नाव न सांगता दुसऱ्याच्या पालापुढे, म्हणजे राहुटीपुढे, उभे राहणे त्यांना चोराचे लक्षण वाटले.

पहिले तीन आठवडे त्या केवळ वाचत होत्या. दुपारी मेंढ्या बाभळीखाली बसल्या, की त्या आणि मी मोबाइल मध्ये ठेवून एकेक चर्चा वाचत असू. खुरातल्या किड्यांविषयी एक चर्चा होती, ओल्या लोकरीच्या वासाविषयी एक होती. अमावास्येला लोकर कातरावी की नाही, यावर एक गृहस्थ सगळ्यांशी भांडत होते. सुंदरबाईंना त्या गृहस्थांचे म्हणणे पटत होते आणि त्यांना उत्तरही सुचत होते, पण त्या लिहीत नव्हत्या. मी कारण विचारले तेव्हा त्यांनी सांगितले, की परक्या पालाशी गेल्यावर माणसाने बाहेर थांबायचे असते, आतून कोणी 'बसा' म्हटल्याखेरीज तोंड उघडायचे नसते. इथे त्यांना अजून कोणी बसा म्हटलेले नव्हते.

मी वनमालाबाईंना फोन करून हे कळवले. त्यांनी त्याच दिवशी माळरानावर लिहिले, "या काळी मेंढीबाई, बसा." त्यानंतर सुंदरबाई बोलू लागल्या. त्यांनी काळ्या मेंढ्याविषयी विचारले.

चौथ्या दिवशी उत्तर आले. ते 'गोदाकाठचा' या नावाच्या माणसाचे होते. त्याच्या नावापुढे एक खूण होती आणि त्यापुढे 'पडाव' असे लिहिलेले होते. तो माळरानावरचा नसून पडाव नावाच्या दुसऱ्या मंचावरून बोलत आहे, असा त्याचा अर्थ वनमालाबाईंनी फोनवर सांगितला. या गोदाकाठच्याजवळ तीन वर्षांचा काळा मेंढा होता आणि त्यालाही वाण बदलण्यासाठी दुसरा मेंढा हवा होता. सुंदरबाईंजवळ त्याला द्यायला आपल्याच कळपात जन्मलेला, म्हणून घरच्या मेंढ्यांना न चालणारा, ठिपक्यांचा मेंढा होता. सुंदरबाईंनी त्याला मेंढ्याच्या आईविषयी, आईच्या आईविषयी आणि ती कुठल्या पाण्यावर वाढली याविषयी विचारले, आणि आईचे तोंड पाहिल्याखेरीज मेंढा घेत नाही, हेही कळवले. त्याने न कंटाळता सांगितले. असे आठ-दहा दिवस चालले. अखेर त्याने लिहिले, की मी कळप घेऊन हलत असतो, मृगाच्या आत अदलाबदल करू, दिवस आणि जागा शुक्रवारी सांगतो.

शुक्रवारी आम्ही मोबाइल उघडला. गोदाकाठचा तिथे नव्हता. त्याचे नवे उत्तर नव्हते आणि जुनीही सर्व उत्तरे गेली होती. सुंदरबाईंचे प्रश्न तेवढे एकाखाली एक उरले होते. वाचणाऱ्याला वाटावे, की ही बाई आठ-दहा दिवस एकटीच बोलत होती.

आम्ही मोबाइल बंद करून पुन्हा चालू केला. रेंज चांगली मिळावी म्हणून किल्ल्याच्या वाटेवर अर्ध्यापर्यंत चढलो. तिथेही तेच. बाकीच्या चर्चा चालू होत्या, अमावास्येचे गृहस्थ भांडत होते, परंतु पडाववरचा एकही माणूस कुठल्याही चर्चेत दिसत नव्हता. वनमालाबाईंचा फोन लागेना. त्या लोकर पाहण्यासाठी बाहेरच्या राज्यात गेल्या होत्या.

सुंदरबाई एका दगडावर बसल्या. त्या म्हणाल्या, "सुभद्राबाय, मला वाळीत टाकलं."

मी त्यांना असे काही नसेल म्हणून सांगितले, पण काय असेल ते मला सांगता येईना. तेव्हा त्यांनी वडिलांची हकीकत सांगितली. त्या लहान असताना वडिलांना त्यांच्या लोकांनी अकरा महिने बाहेर ठेवले होते. असे करणे आता कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा तसे नव्हते. का ठेवले ते त्यांना कोणी सांगितले नाही. एके सकाळी शेजारच्या पालातून विस्तव मिळाला नाही, त्यावरून समजायचे. मग वडील प्रत्येक पालापुढे जाऊन उभे राहिले. गुळाचा खडा खाली ठेवायचा, आपले नाव, बापाचे नाव, ठिकाण सांगायचे आणि काय चुकले असेल ते पोटात घाला म्हणायचे. चूक विचारायची नाही. एकही पाल सोडायचे नाही, कारण कोणाचे मन दुखावले आहे हे आपल्याला ठाऊक नसते. ज्याने तो गूळ तोंडात टाकला त्याच्याशी बोलणे सुरू झाले.

हे सर्व सांगून झाल्यावर त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला. त्यांना माळरानावरच्या प्रत्येक चर्चेपुढे जाऊन उभे राहायचे होते.

मी हरकत घेतली. सुंदरबाई ऐकत नाहीत असे पाहून निदान शुद्ध लिहावे, म्हणून मी मजकूर तपासला. तो असा होता: "मी सुंदरबाई, भिवाजींची लेक, धारूरच्या किल्ल्याखालची मेंढ्यावाली. माझे काय चुकले असेल ते पोटात घाला. मेंढा नको, पण बोला." यात नाव आणि गाव येते व वनमालाबाईंनी ते लिहू नये म्हणून बजावले आहे, याची मी आठवण दिली. सुंदरबाई म्हणाल्या की माफी टोपणनावाने मागत नसतात. मी नाव आणि गाव तसेच राहू दिले.

चर्चा एकूण एकेचाळीस होत्या. आम्ही दोन दिवस बसून प्रत्येकीखाली तोच मजकूर ठेवला. खुरातल्या किड्यांखाली ठेवला, ओल्या लोकरीखाली ठेवला, अमावास्येच्या गृहस्थांखालीही ठेवला. ताक लवकर का आंबते, अशी एक चर्चा होती. ती मुळात 'दुभतं' नावाच्या तिसऱ्याच मंचावरची होती, पण माळरानावरून दिसत होती, म्हणून तिच्याखालीही ठेवला. तिथे मेंढीवाल्यांचा काय संबंध, असे मी विचारले. सुंदरबाई म्हणाल्या, पाल सोडायचे नाही.

दुसऱ्या दिवशी शेवटचा मजकूर ठेवून पुरता अर्धा तास झाला नसेल. मोबाइलवर एक पाटी आली. तिच्यावर लिहिले होते, की आपले खाते बंद करण्यात आले आहे. थोड्या वेळाने आमचे मजकूरही माळरानावरून एकेक करून नाहीसे झाले.

मी ती पाटी सुंदरबाईंना दोनदा वाचून दाखवली. "बघा, म्हनलं न्हवतं का," एवढेच त्या बोलल्या. त्या दिवसापासून त्यांनी औषधाच्या पिशवीत फडक्यात बांधून गुळाचा एक खडा ठेवला.

चार दिवसांनी वनमालाबाईंचा फोन लागला. मी मोबाइलचा आवाज मोठा केला आणि आम्ही दोघींनी ऐकले. त्यांनी फार मायेने समजावले. पडाव मंचावरून काही दिवस खोट्या जाहिरातींचा लोंढा येत होता, म्हणून माळरानाची देखभाल करणाऱ्यांनी त्या मंचाशी असलेली जोडणीच तोडली. त्यात गोदाकाठच्याचा दोष नव्हता व सुंदरबाईंचाही नव्हता. पुढे सुंदरबाईंनी एकच मजकूर एकेचाळीस ठिकाणी ठेवला, तेव्हा तीही जाहिरातच असावी, असे समजून कॉम्प्युटरने त्यांचे खाते आपोआप बंद केले.

सुंदरबाईंनी हे दोनदा सांगायला लावले. मग त्या म्हणाल्या, "वनमालाबाय, मला येकानं बी बाहीर काढलं न्हाई म्हनता. मंग मी बाहीर कावून हाय?"

वनमालाबाई म्हणाल्या की खाते त्या उघडून देतील, पण पडावची जोडणी एकट्या त्यांच्या हातात नाही, सर्वांनी मिळून ठरवावे लागते आणि त्याला वेळ लागेल. मात्र एक मार्ग आहे. दुभतं या मंचावर नवे खाते काढावे, कारण तो मंच पडावशी आणि माळरानाशी, दोघांशीही अजून जोडलेला आहे. तिथून गोदाकाठच्याला हाक मारता येईल.

मला हा मार्ग उत्तम वाटला. सुंदरबाईंनी तो साफ नाकारला. एका ठिकाणची माफी पदरात पडलेली नसताना नवे नाव घेऊन दुसऱ्या गावात शिरणे म्हणजे तोंड चुकवणे, असे त्यांचे म्हणणे होते. तुमच्या बापांना दुसरा मार्ग नव्हता, तुम्हाला आहे, असे मी म्हणाले. त्या म्हणाल्या, "मार्ग लई हायती वो. पर बापानं गूळ ठिवला तसाच मला ठिवायचाय." मी रागावले आणि त्या दिवशी लवकर घरी निघून आले.

मृगाला पाच दिवस राहिले. सुंदरबाईंनी रामहरींना निरोप पाठवला, की गुरुवारी तुमचा ठिपक्यांचा मेंढा पाठवा. त्या चार काळ्या मेंढ्या मग ठिपक्यांची कोकरे देणार, हे त्यांनाही कळत होते आणि मलाही. बुधवारी त्या वर्गात आल्या आणि पाटीवर जोडाक्षरे गिरवीत बसल्या.

तास निम्मा झाला असेल, एवढ्यात शाळेच्या फाटकापाशी एक पिकअप गाडी थांबली. पन्नाशीचा, डोक्याला रुमाल बांधलेला एक माणूस उतरला. धारूरच्या बाजारात त्याने किल्ल्याखालची मेंढ्यावाली सुंदरबाई कोण, असे विचारले होते आणि विचारलेल्यांपैकी दुसऱ्याच माणसाने त्याला आमच्या वर्गाचा पत्ता दिला होता. तो ओसरीवर चढला नाही. खाली उभा राहून त्याने रुमालाच्या गाठीतून गुळाचा खडा काढला व पायरीवर ठेवला.

"मी परमेश्वर, किसनाचा लेक, उमापूरचा," तो म्हणाला. "आमचं काय चुकलं ते कळंना, बाय. पोटात घाला."

सत्यशीलाबाईंच्या हातातला खडू तसाच राहिला. सुंदरबाई उठल्या, पिशवीतून फडके काढले आणि आपला गुळाचा खडा त्याच्या खड्याशेजारी ठेवला. नंतर त्या म्हणाल्या, "तुमी गोदाकाठचे?"

तो हो म्हणाला. त्याची हकीकत अशी निघाली. त्याच्या बाजूनेही शुक्रवारी तसेच घडले होते. दिवस आणि जागा त्याने लिहिली होती, पण काळी मेंढी आणि माळरानावरचे सर्वजण त्याला दिसेनासे झाले. आईच्या आईचे विचारले तेव्हा आपण एक पिढी चुकीची सांगितली, ते बाईंना उमगले असावे व त्यांनी बोलणे तोडले, असे त्याने धरले. मेंढा न्यावा तर कुठे, हेही त्याला ठाऊक नव्हते. मग सोमवारी तो दुभतं मंचावर ताकाची चर्चा वाचत होता, कारण त्याच्या घरचेही ताक आंबत होते. तिथे 'काळी मेंढी' या नावाखाली सुंदरबाईंचा मजकूर होता. माळरानाने तो आपल्याकडून पुसला होता, परंतु तिथे तो पुसला गेलेला नव्हता. त्यात नाव होते, बापाचे नाव होते आणि ठिकाण होते.

हे कसे झाले, ते मी वनमालाबाईंना नंतर विचारले. त्या म्हणाल्या, इथे पुसलेले तिथे पुसले जातेच असे नाही. मी वहीतले जुने वाक्य काढून त्याच्याशेजारी हे लिहिले आहे.

सुंदरबाईंनी त्याचा गूळ उचलून तोंडात टाकला. त्याने त्यांचा टाकला. मग त्या गाडीकडे गेल्या. मेंढा उभा होता, शिंगांपासून खुरांपर्यंत काळा. त्याच्यामागे एक म्हातारी मेंढी बसलेली होती.

"मायला बी आनलंय," परमेश्वर म्हणाले. "तुमी म्हनला होता ना, तोंड बघितल्याबिगर घेत न्हाई."

सुंदरबाईंनी मेंढीचा ओठ उचलून दात पाहिले, कान पाहिले, पोटाखालची लोकर बोटांनी फाकून आतपर्यंत पाहिली. या सगळ्याला इतका वेळ लागला, की सत्यशीलाबाईंनी तास संपवला. अखेर सुंदरबाईंनी मान हलवली. चुकीच्या सांगितलेल्या पिढीविषयी त्या परमेश्वरांना टोचून बोलल्या, पण हसत बोलल्या. आपला ठिपक्यांचा मेंढा त्यांनी त्याच गाडीत चढवून दिला आणि काळा मेंढा दोरीला धरून उताराने चालू लागल्या. रामहरींना उद्या मेंढा पाठवू नका, हा निरोप मला द्यावा लागला.

मेंढा मृगाच्या तीन दिवस आधी कळपात गेला. मेंढ्या अजून व्यायच्या आहेत. कोकरे कशी होतील, हे दिवाळीच्या सुमारास कळेल. सुंदरबाईंचे माळरानावरचे खाते वनमालाबाईंनी उघडून दिले आहे, आणि पडावची जोडणी अजून तुटलेलीच आहे. दोन्हीकडची माणसे एकमेकांवर रागावलेली नाहीत, तरी त्यांना एकमेकांशी बोलता येत नाही. याला काय म्हणावे, ते मला माहीत नाही.

सुंदरबाई माळरान उघडतात, वाचतात आणि बंद करतात. परमेश्वरांशी त्या आता फोनवर बोलतात. मंचावर मात्र लिहीत नाहीत. बाहेर काढलेल्या माणसाला खाते उघडून मिळाले म्हणजे आत बोलावले असे होत नाही, असे त्या म्हणतात.

गेल्या आठवड्यात त्यांनी मला ताकाची ती चर्चा काढायला सांगितली. आपली माफी तिथे अजून आहे का, हे त्यांना पाहायचे होते. ती होती. तिच्याखाली 'सायीची वाटी' अशा नावाच्या कोणा व्यक्तीने लिहिले होते. ती बाई की पुरुष, कुठल्या गावची आणि कुठल्या मंचावरची, हे आम्हा दोघींनाही समजले नाही. सुंदरबाईंनी बोट ठेवून, जोडाक्षरांवर थांबत, ते स्वतः वाचले.

"सुंदरबाई, तुमचं काय चुकलं ते आम्हाला काही कळलं नाही. पण उभ्या का? बसा."

त्यांनी ते पुन्हा एकदा वाचले. मग मोबाइल तोंडाजवळ धरला आणि ताक का आंबते, ते सांगायला सुरुवात केली.